वरचा घसा

बैलगाड्यांच्या शर्यतीला जुन्नर-आंबेगावात निम्मे लोक बैल पाहायला येतात आणि निम्मे ऐकायला. शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. घाट चढणीचा असतो, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत असते आणि बैल सुटले की मागच्या रांगांना धुळीशिवाय काही दिसत नाही. त्या धुळीत काय चाललं आहे ते कर्ण्यातून सांगणाऱ्या माणसाला अनाउन्सर म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या बऱ्याच घाटांवर हे काम माझा थोरला चुलतभाऊ करायचा. मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्याहून वयाने मोठे असलेले गाडामालकही दादाच म्हणायचे.

दादाचं घर आणि रान येडगाव धरणाच्या पाण्याकडेला. टोमॅटो, कांदा, थोडा ऊस, गोठ्यात दोन गाई आणि एक बैलजोडी. ही जोडी शर्यतीची नव्हती, औताची होती. त्यावरून त्याला घाटावर टोमणे बसायचे आणि तो त्यांना माइकवरूनच उत्तर द्यायचा. "आमचे बैल पळत न्हाईत. त्यांना म्हाईत हाय, पळून जायाचं कुठं, परत हितंच यायचंय."

एका गाड्याची धाव, म्हणजे बारी, काही सेकंदांत संपते आणि त्या सेकंदांवरच नंबर ठरतो. दोन बाऱ्यांच्या मधे मात्र बैल जुंपण्यात, मालकांच्या वादात आणि घाटात घुसलेली माणसं बाहेर काढण्यात बराच वेळ जातो. दादाचं नाव झालं ते या मधल्या वेळेमुळे. बैल कुठल्या गावचा, कुणाच्या दावणीला वाढला, गेल्या साली कुठे पडला, हे सगळं त्याच्या तोंडपाठ असायचं आणि त्यातच तो गर्दी हाकायचा. "आळ्याची बारी आली. मालक घाटात, बैल ताटात, आन मालकाचा मेव्हणा बसलाय ट्रॅक्टरच्या टपावर. पावणं, खाली उतरा, तुमी पडलात तर सेकंद धरनार न्हाईत. ओ धोतरवाले बाबा, मागं सरा, बैलाला धोतराचा मालक कळत न्हाई."

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो आणि नारायणगावला राहत होतो. बातम्या पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या, आणि गाडी शिवाजीनगरला पोचली की कार्यालयाचा माणूस पाकीट उचलायचा. यात्रांच्या दिवसांत घाटावर असणं हे माझं काम होतं. त्यामुळे दादा बोलायचा थांबला त्या दिवशी मी तिथेच होतो.

यात्रा आंबेगाव तालुक्यातली होती, घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला. दुपार व्हायची होती. एक गाडा सुटायच्या बेतात होता. दादा म्हणाला, "आता येतीय..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली. लोकांना वाटलं लाइट गेली. स्पीकरचा सेट जुन्नरच्या चाचांचा होता. मंडप आणि स्पीकर भाड्याने देण्याचा त्यांच्या घराचा जुना धंदा, आणि सगळा तालुका त्यांना चाचाच म्हणतो. चाचांनी ॲम्प्लिफायर पाहिला, वायरी हलवल्या, माइकवर टिचकी मारली. टिचकी सगळ्या डोंगराला ऐकू गेली. सेट ठीक होता.

दादाने माइक टेबलावर ठेवला आणि तो स्टेजच्या मागे बाभळीखाली जाऊन बसला. चाचांनी त्याला पाणी दिलं. त्याने ते घेतलं, प्यायला नाही. इकडे यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "आपल्या अनाउन्सरचा घसा बसल्यामुळं पुढच्या बाऱ्या आमीच सांगू. चूकभूल माफ करावी."

त्या दिवसापासून दादाचा घसा बसला.

पुढच्या पंधरवड्यात त्याच्या घरी घशावरची इतकी औषधं जमा झाली की वहिनींनी त्यांच्यासाठी फडताळातला एक कप्पा रिकामा केला. ज्येष्ठमधाच्या काड्या, कंकोळ, खडीसाखर, कुणी बेहड्याची सालं, कुणी मध. आळेफाट्याच्या पलीकडच्या एका भजनी बुवांनी स्वतःची खास गोळी पाठवली. ती तोंडात धरली की अभंग आपोआप वरच्या पट्टीत जातो, असा त्यांचा दावा होता. दादा कुणालाच नाही म्हणायचा नाही. दिलेलं घ्यायचा आणि कप्प्यात ठेवायचा. बोलायचा फारच कमी, पण बोलायचा तेव्हा आवाज स्वच्छ असायचा. ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात आली नाही, कारण घसा बसलेल्या माणसाला कुणी बोलू देत नाही.

वहिनींच्या लक्षात आली. मी एका रविवारी घरी गेलो, तेव्हा त्या टोमॅटोच्या क्रेटांशेजारी उभ्या होत्या. दादा ओसरीवर होता. त्यांनी मला रानाच्या बाजूला नेलं.

"भावजी, घसा न्हाई हा."

"मग?"

"बैलांशी बोलत न्हाईत. धारंला बसले तर बसूनच ऱ्हात्यात. जेवन मोडलंय, झोप न्हाई. ईचारलं काय व्हतंय, तर म्हनत्यात काय न्हाई, नुसतं करमत न्हाई."

"कशानं?"

"कशानंच न्हाई, हेच तर." मग त्यांनी विहिरीच्या दिशेला हात केला. "मोटार लावायला गेले की इहिरीवर लई येळ थांबत्यात. मी आता मोटार मीच लावती."

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर एका लाकडी पेटीत होता आणि पेटीची चावी खुंटीला असायची. वहिनींनी ती चावी मंगळसूत्राच्या दोऱ्याला बांधली होती. वीज कधीही यायची आणि कधीही जायची. प्रत्येक वेळी त्या हातातलं काम टाकून विहिरीकडे जात होत्या.

बातमीदाराला सहा ककार शिकवलेले असतात: कोण, काय, कधी, कुठे, कसं आणि का. या प्रकरणात पाच उत्तरं मिळत होती. सहावं मिळत नव्हतं. पीक बरं होतं, घरात भांडण नव्हतं, मुलं शाळेत जात होती. 'का' हा रकाना रिकामा असल्याने तो भरायला जो तो धावत होता. कुणी नजर म्हणालं, कुणी कुलदैवताचं राहून गेलं म्हणालं, माझ्या काकू, म्हणजे दादाची आई, उन्हाला दोष देत होत्या. घसा हे त्यातल्या त्यात बिनखर्चाचं कारण होतं. ते कुणाच्याच अंगावर येत नव्हतं.

नारायणगावच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. घशात काही नव्हतं. मग त्यांनी बॅटरी बंद करून दादाशी बऱ्याच गप्पा मारल्या, आणि आम्हाला सांगितलं की पुण्याला माझे एक मित्र आहेत, त्यांच्याकडे जा. मित्र कशाचे डॉक्टर आहेत असं काकूंनी विचारलं. डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी सरळ सांगितलं.

काकू घरी आल्यावर म्हणाल्या, "येडगावच्या पान्यावर ऱ्हातो म्हनून काय माजा लेक येडा हाय व्हय?"

"आत्या, येडं न्हाई म्हनलं कुनी," वहिनी सासूला म्हणाल्या. "डागदर म्हनले, आजार हाय. औषिद हाय."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनत्यात घसा बसलाय. लोकांना तेच म्हनू द्या. घशाच्या डागदरकडं चाललोय म्हनून सांगा."

वहिनींनी हे ठरवलं ते एका वाक्यात, भाकरी थापता थापता. पुढची काही वर्षं आमचं घर त्या वाक्यावर चाललं.

पुण्याचा दवाखाना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. जिन्याशी पाटी होती आणि तिच्यावर 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द इतका लांब होता की काकूंना तो वाचायचं टाळायला बरं पडलं. आत एक बाई टेबलाशी बसून नाव, वय लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाव?"

"येडगाव," दादा म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"पत्ता बराबर हाय म्हना," दादा म्हणाला.

घाटावर माइक ठेवल्यापासून त्याने केलेला हा पहिला विनोद. बाई हसल्या. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ रस्त्यावरची वाहनं पाहत राहिल्या.

डॉक्टर माझ्याच वयाचे वाटले. त्यांनी दादाला आधी एकट्याला आत घेतलं, मग आम्हाला बोलावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. हा उदासीचा आजार आहे, नैराश्य. काहींना त्याला निमित्त असतं, काहींना नसतं, निमित्त शोधत बसू नका. गोळी लागू पडायला काही आठवडे जातात. तोवर माणसाला एकटं सोडू नका, त्याच्याशी वाद घालू नका, 'मन खंबीर कर' असं म्हणू नका. सकाळी चालायला न्या. भूक नसली तरी वेळेला पान मांडा. विहिरीचं वहिनींनी स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चावी तुमच्याकडेच ठेवा. आणि बरं वाटलं तरी गोळी मी सांगेपर्यंत थांबवायची नाही.

हे शेवटचं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

गावात दादा घशाचा पेशंट म्हणून परत आला आणि गावाने ही जबाबदारी फार मनावर घेतली. भर वैशाखात त्याच्या गळ्यात मफलर आला. तो काकूंनी गुंडाळला होता, पुरावा म्हणून. लग्नाच्या पंगतीत वाढपी श्रीखंडाची वाटी त्याच्यासमोर ठेवी आणि शेजारचा माणूस ती उचलून घेई. "दादाला गार न्हाई, घसा हाय." मग ती वाटी शेजारचाच खाई. नारायणगावच्या स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात त्याला बिनबर्फाचा रस मिळे, न मागता. एकदा त्याने वैतागून माझ्यापाशी विचारलं, "ह्या आजाराला मिरची बी बंद असती का रं? भेळवाल्यानं मला नुसते चुरमुरे दिले."

पण या खोट्याचा एक उपयोग झाला, जो कुणी योजला नव्हता. संध्याकाळी लोक ओसरीवर येऊन बसायचे. उदास माणसाकडे लोक आले असते तर त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते, नाहीतर आलेच नसते. घशाच्या पेशंटला प्रश्न विचारायचे नसतात. "तुमी बोलू नगा दादा, ताण पडंल. आमी बोलतो." आणि ते बोलत. टोमॅटोचा भाव, कुणाच्या बैलाचा पाय, कॅनॉलचं आवर्तन, कुणाच्या पोराची सोयरीक. दादा मफलर गुंडाळून मधे बसायचा. कुणी त्याच्याकडून काही मागत नव्हतं, आणि कुणी त्याला एकटंही सोडत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सगळं गाव करत होतं, न सांगता, चुकीच्या अवयवासाठी.

चाचा महिन्यातून एखाद्या वेळी जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे. येताना सेटमधला एखादा भाग बिघडल्याचं निमित्त काढायचे. "दादा, हा माइक बघा, ह्याचा आवाज बसलाय." माइकला काही झालेलं नसायचं. दादा तो हातात घेऊन उलटसुलट पाहायचा आणि परत द्यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्याने माइक पाहिला, तोंडाजवळ नेला आणि म्हणाला, "चाचा, तुमी लई खोटं बोलता." चाचा म्हणाले, "खोटं कशाला, भाऊ. ह्याला तुमच्याशिवाय कुणी शिव्या घालत न्हाई, म्हनून रुसलंय."

श्रावणात दादाने गोठ्यात बैलाला शिवी दिली. वहिनींनी ती स्वयंपाकघरात ऐकली. त्या बाहेर आल्या नाहीत, पण संध्याकाळी वीज आली तेव्हा त्यांनी दोऱ्याची चावी सोडून त्याच्यापुढे धरली. "मोटार लावून या." दादा गेला, मोटार लावून आला आणि चावी खुंटीला अडकवली. त्या दिवशी घरात एवढंच घडलं. मी हे नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं. सांगताना त्यांनी शिवीसुद्धा नेमकी सांगितली.

त्यानंतर जी चूक झाली ती आमच्याच घरात होऊ शकत होती.

दसऱ्याला दादा गावच्या कार्यक्रमात बोलला. आवाज खणखणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मफलर उतरला, पंगतीत श्रीखंड परत मिळू लागलं. दिवाळीत काकू म्हणाल्या, "आता घसा मोकळा झाला. गोळ्या कशाला खायाच्या?" कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दादाला नाही, वहिनींनासुद्धा नाही. घरात, बाहेर, स्वयंपाकघरात, सगळीकडे आम्ही त्या गोळीला इतके महिने घशाची गोळी म्हणत होतो की घसा बरा झाल्यावर ती बंद होणं हे सरळच होतं. बाहेरच्यांसाठी तयार केलेलं खोटं आम्हीच गिळलं होतं, रोज जेवणानंतर, पाण्याबरोबर.

संक्रांतीपर्यंत दादा पुन्हा ओसरीवर गप्प बसलेला होता. चावी पुन्हा वहिनींच्या गळ्यात गेली.

यावेळी पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का थांबवल्या. वहिनींनी कारण सांगितलं. डॉक्टर आधी समजलेच नाहीत, मग त्यांना कळलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. हसू आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "बाहेर काय सांगायचं ते सांगा. नाक म्हणा, गुडघा म्हणा. पण घराच्या उंबऱ्याच्या आत या गोळीला तिच्या नावाने हाक मारा. नाहीतर ती पुन्हा चुकीच्या दिवशी बंद होईल."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर वहिनींनी पाण्याचा तांब्या आणि गोळी दादापुढे ठेवली आणि काकूंच्या देखत म्हणाल्या, "उदासीची गोळी घ्या." काकू भिंतीकडे पाहत होत्या. काही दिवसांनी वहिनी माहेरी गेल्या तेव्हा काकूंनीच गोळी दिली. नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "ती घे." पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "उदासीची घेतलीस का?" घर एवढं पुढे आलं.

दुसऱ्या खेपेचं बरं होणं हळू होतं, पण टिकलं. एक चैत्र तसाच गेला, पुढच्या चैत्रात दादा घाटावर उभा राहिला. पहिल्या वर्षी निवडक यात्रा, मग पूर्वीसारख्या. गोळीचं प्रमाण डॉक्टर कमी-जास्त करत राहिले. सकाळचं चालणं त्याने सोडलं नाही. धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि यायचं, वाटेत पाण्यातल्या बगळ्यांची बारी पुकारायची.

गावात मात्र घसा चालूच राहिला, आणि त्याचं पुढे जे झालं ते कुणाच्या हातात नव्हतं. एक दिवस मंचरकडचे एक गाडामालक घरी आले. आडदांड माणूस, बोलला की गोठ्यातले बैल कान टवकारायचे. ते ओसरीवर बसले, चहा प्यायले आणि घर हादरेल अशा आवाजात म्हणाले, "दादा, माजा बी घसा बसलाय. तुमच्या त्या डागदरचा पत्ता द्या."

दादाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "झोप लागती का?"

"न्हाई."

"भाकरी?"

"न्हाई."

दादाने पत्ता दिला. त्यानंतर आणखी लोक आले. बाळंतपणानंतर घसा बसलेली एका मास्तरांची लेक, दहावीच्या परीक्षेने घसा बसलेला मुलगा, रिटायर झाल्यावर घसा बसलेले एक पोस्टमन. कुणी त्या शब्दाच्या पलीकडे गेलं नाही. सगळ्यांना कळत होतं, आणि कळतंय हे कुणी दाखवत नव्हतं. मी तालुक्यात बरीच वर्षं बातम्या गोळा केल्या, पण इतकी नीट पाळलेली गुप्त बातमी दुसरी पाहिली नाही.

ती फुटली खऱ्या घशामुळे. आळेफाट्याच्या पलीकडचे ते भजनी बुवा, ज्यांनी खास गोळी पाठवली होती, त्यांचा गळा वयामुळे खरोखरच बसला. त्यांना वाटलं, दादाला ज्याने बरं केलं तो डॉक्टर गाठावा. दादा त्या दिवशी घरी नव्हता, वहिनी रानात होत्या. काकूंनी पत्ता दिला. त्यांच्या हिशेबी घसा म्हणजे आता एकच घसा होता. तोवर दोन हजार साल उलटलं होतं, दादाच्या खिशात मोबाइल आला होता, पण त्याला रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर मिळायची. त्यामुळे बुवांना थांबवायला कुणी नव्हतं.

परत आल्यावर बुवा आळेफाट्याच्या हॉटेलात चहा पीत भोवतालच्यांना सांगत होते. मी तिथे होतो.

"मला ईचारतो, झोप लागती का. म्हनलं, लागती. भूक? म्हनलं, हाय. मग म्हनतो, मन कशात रमत न्हाई असं व्हतं का? म्हनलं, डॉक्टर, राव, तुमी घसा बघा की. तर म्हनतो, मी घशाचा डॉक्टर न्हाईच. मग कशाचा? तर डोक्याचा." बुवांनी बशी खाली ठेवली. "मंजी दादा इतकी वरसं..."

बुवांना आपण काय बोललो ते कळलं. ते म्हणाले, "पन एक सांगतो. साठ वरसांत माज्या मनाचं कुनी ईचारलं नव्हतं. बरं वाटलं." पण तोवर पहिलं वाक्य हॉटेलाबाहेर पडलं होतं, आणि असली बातमी आमच्याकडे एसटीच्या आधी पोचते.

यात्रांचे दिवस जवळ आले होते. घोडेगावच्या पुढच्या ज्या गावात दादा पहिल्यांदा थांबला होता, त्या गावाने त्या साली त्यालाच बोलावलं होतं. कमिटीतले दोघं घरी आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक जण म्हणाला, "दादा, लोक काय बी बोलत्यात. आमचं काय न्हाई. पन यंदा एक साल इश्रांती घेतली तर?"

"बैल पळायचं थांबलं का मी बोलायचं?" दादाने विचारलं.

"तसं न्हाई. पन घाटावर मागल्यासारखं झालं तर..."

तसं होईल की नाही हे दादालाही माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "तुमी ठरवा." त्या आठवड्यात तो सकाळी चालायला गेला नाही. वहिनींनी खुंटीवरच्या चावीकडे दोनदा पाहिलं, आणि ती तिथेच राहू दिली. मला त्या म्हणाल्या, "ह्या टायमाला माइक न्हाई मिळाला ना भावजी, तर मला परत मोटार लावावी लागंल."

निर्णय चाचांमुळे झाला. कमिटी सेट ठरवायला जुन्नरला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, अनाउन्सर कोण? दुसरं नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "सेट द्यायला काय, देतो. पन त्याला दादाच्या आवाजाची सवय झालीय. दुसरा बोलला की शिट्टी मारतो. मग मला बोल लावू नका." दिवसभर शिट्टी मारणारा कर्णा कोणत्याच कमिटीला परवडत नाही. दादाला निरोप आला.

यात्रेच्या दिवशी मी स्टेजच्या खालीच उभा होतो. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती आणि सगळी बैलांसाठी आलेली नव्हती. सुरुवातीच्या काही बाऱ्या नीट गेल्या. मग एक गाडा जुंपताना बैल अडला, खोळंबा झाला, आणि त्या शांततेत उजव्या बाजूच्या गर्दीतून एक जण ओरडला, "ओ घसा, गोळी घेतली का?"

काही जण हसले. कर्ण्यात खरखर झाली. चाचांचा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर होता. दादाने माइक तोंडाजवळ धरला होता आणि तो बोलत नव्हता. ही तीच जागा होती, तीच बाभूळ मागे होती.

"घेतली ना, राव," दादा म्हणाला. "रातच्याला जेवल्यावर घेतली. घसा ठणठणीत हाय, तुमाला ऐकू येतंयच. गोळी घशाच्या वरची हाय. डोक्याची. बीपीवाले घेत्यात, साखरवाले घेत्यात, तशी आमी घेतो. आता घाटातनं बाजूला व्हा पावणं, ह्या बैलानं कंचीच गोळी घेतल्याली न्हाई."

गर्दी हसली, यावेळी सगळी. ओरडणारा माणूस खरोखरच घाटात उभा होता, त्याला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. गाडा सुटला, भंडारा उधळला, धूळ उठली आणि पुढचं काय झालं ते सगळ्यांना दादाकडूनच कळलं. मी संध्याकाळी पहिल्या आलेल्या गाड्यांची नावं पाठवली. बातमी शर्यतीची होती, बाकीचं तीत बसत नव्हतं.

पण त्याआधी, दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा, बाभळीखाली एक माणूस दादाजवळ आला. पस्तिशीचा असेल, टोपी हातात, कपडे स्वच्छ.

"दादा, मला बी घशाचा पत्ता पायजे व्हता."

दादाने भाकरीचा तुकडा ठेवला. "कंचा घसा? खालचा का वरचा?"

माणसाने आजूबाजूला पाहिलं. चाचा वायरी गुंडाळत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

"वरचा," तो म्हणाला.

दादाने माझ्या खिशातलं पेन मागून त्याला पत्ता लिहून दिला. कागद घेऊन माणूस निघाला, तेव्हा दादाने त्याला परत हाक मारली.

"ऱ्हायला कुठं? रानात का गावात?"

"रानात."

"इहीर हाय?"

"हाय."

"मग मोटार काही दिवस घरच्यांना लावू दे," दादा म्हणाला आणि पुन्हा जेवायला बसला.